न पचणारा घास

मध्य प्रदेशातलं मंदसौर एके काळी देशभरच्या पाट्यांना पेन्सिली पुरवायचं. खाणीतला थराथरांचा शेल दगड आणायचा, विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीपुढे धरायचा आणि त्याच्या बारीक कांड्या पाडायच्या, एवढाच तो उद्योग. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या ५९३ कामगारांची तपासणी केली आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५४.६ टक्के कामगारांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, होता. १७.७ टक्के लोकांत तो इतका पुढे गेलेला की छातीतल्या बारीक गाठी एकमेकींत मिसळून त्यांचे मोठे गोळे झाले होते. त्यांनी कापलेल्या पेन्सिलींनी देशातली पोरं गमभन गिरवत होती.

या आजाराचं मूळ ज्या क्वार्ट्झमध्ये, म्हणजे वाळूत आणि दगडात असणाऱ्या स्फटिकरूप सिलिकामध्ये, आहे तो पदार्थ तसा अगदी थंड स्वभावाचा. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, साध्या आम्लांना दाद देत नाही. भातातला खडा दाताखाली आला तर दात शिणशिणतो, पण गिळला गेला तर पोटातून मुकाट्याने निघून जातो. आयुष्यभर वाळूवर चालणाऱ्या माणसाच्या तळव्यांना काही होत नाही. मग तीच वाळू बारीक होऊन छातीत गेली की फुप्फुस दगडासारखं का होतं? खाणींत आणि कारखान्यांत याचं एक उत्तर सर्रास ऐकू येतं. कण धारदार असतात, ते फुप्फुस आतून कापतात, म्हणतात. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्यामुळे बऱ्याच गोष्टी उलट्या समजल्या जातात.

मराठीत व्रण म्हणजे जखम आणि वण म्हणजे ती भरून आल्यावर मागे राहणारी खूण. सिलिकोसिस हा वणाचा आजार आहे. कापण्याचं काम दगड करत नाही. वण विणतात त्या आपल्याच पेशी, आणि प्रत्येक पेशी तिला नेमून दिलेलं काम प्रामाणिकपणे करत असते.

आधी कणाचं माप. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून मोठी धूळ बहुतेक नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकते. तिथे पेशींवर केसाळ लव असते, तिच्यावरून चिकट द्रवाचा थर सतत वर सरकत राहतो आणि एखाद्या दिवसात ती धूळ घशाशी आणून टाकतो. वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोचतात ते मुख्यतः ४ मायक्रॉनच्या आतले कण, आणि वायुकोशात ही लव नसते. १ मायक्रॉनचा क्वार्ट्झचा कण वारा नसलेल्या हवेत तासाला जेमतेम ३० सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे तोंडाच्या उंचीवरून जमिनीला टेकायला त्याला पाच तास लागतात. करवत बंद झाली, डोळ्यांना दिसणारी धूळ बसली, शेड स्वच्छ वाटू लागली आणि कामगारांनी तोंडावरचं फडकं काढून डबे उघडले, की त्या वेळी हवेत उरलेली असते ती नेमकी खोल जाणारी धूळ.

माणसाला साधारण ४८ कोटी वायुकोश असतात, प्रत्येक सुमारे ०.२ मिलिमीटरचा. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की हवा आणि रक्त यांत एका मायक्रॉनहूनही कमी अंतर राहतं. या भिंतींवरून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गस्त घालत असतात. १५ ते २० मायक्रॉनची ही पेशी सरपटत जाते आणि समोर आलेला जंतू, मेलेली पेशी, काजळी, धूळ सगळं गिळते. वायुकोशातल्या स्वच्छतेचा सगळा भार तिच्यावर आहे. तिच्या पृष्ठभागावर कचरा ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. त्यांतला मार्को नावाचा ग्राहक क्वार्ट्झच्या कणाला पकडतो, पेशीचं आवरण कणाभोवती लपेटलं जातं आणि कण एका पिशवीत बंद होऊन आत जातो. मग लायसोसोम, म्हणजे आम्ल आणि पाचक विकरांनी (एन्झाइमांनी) भरलेल्या पिशव्या, तिला येऊन मिळतात. जंतू असता तर काही तासांत त्याचा चुरा झाला असता. क्वार्ट्झवर ना आम्लाचा परिणाम, ना विकरांचा.

कण नुसता न पचता पडून राहिला असता तरी फारसं बिघडलं नसतं. काजळी वर्षानुवर्षं अशी पडून राहते. शहरात राहिलेल्या कुठल्याही माणसाच्या फुप्फुसावर तिचे काळे ठिपके असतात. क्वार्ट्झचं वेगळेपण त्याच्या पृष्ठभागात आहे. सिलिकॉनच्या अणूला चिकटलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, ज्यांना सिलॅनॉल म्हणतात, ते या पृष्ठभागावर असतात आणि पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूंना घट्ट धरतात. अ‍ॅलिसन, हॅरिंग्टन आणि बर्बेक यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं की सिलिका गिळलेल्या मॅक्रोफेजमध्ये लायसोसोमची पिशवी आतून फाटते. नेमके कोणते सिलॅनॉल हे करतात, हे कळायला पुढे अर्धं शतक गेलं. २०२० मध्ये इटलीतल्या तुरीन इथल्या संशोधकांच्या गटाने दाखवून दिलं की एकमेकांपासून विशिष्ट अंतरावर, जवळजवळ सुटे उभे असलेले सिलॅनॉल हेच खरे दोषी. स्फटिक फुटला की असे गट पृष्ठभागावर उघडे पडतात.

ताज्या फुटलेल्या दगडाची धूळ जुन्या धुळीपेक्षा जास्त जहाल असते, हे प्रयोगांतून आधीच माहीत होतं. नुकत्याच फुटलेल्या पृष्ठभागावर तुटलेल्या बंधांमुळे क्रियाशील मूलकं (रॅडिकल्स) तयार होतात आणि हवेत पडून राहिल्यावर ती हळूहळू कमी होतात. समुद्रकिनाऱ्यावर हजारो वर्षं घासली गेलेली वाळू आणि करवतीच्या दातातून आत्ता उडालेली भुकटी या रासायनिक नावाने एक असल्या तरी पेशीच्या दृष्टीने सारख्या नाहीत. दगडफोड, छिद्रण, घासकाम, वाळूचा झोत मारणं या सगळ्या कामांत कामगार श्वास घेतो तो नेमका दगड फुटतो त्या जागी.

पिशवी फाटली की आतली विकरं, विशेषतः कॅथेप्सिन बी, पेशीच्या मुख्य द्रवात सांडतात. तिथे एनएलआरपी३ नावाचं प्रथिन धोक्याची चाहूल घेत असतं. ते इतर प्रथिनांना गोळा करून एक गुंतागुंतीचं यंत्र उभं करतं, त्याला इन्फ्लमासोम म्हणतात. हे यंत्र कॅस्पेस-१ या विकराला जागं करतं. कॅस्पेस-१ एका निद्रिस्त प्रथिनाचा तुकडा पाडतं आणि त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा जोरदार संदेश बाहेर पडतो. २००८ मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांनी हा मार्ग जवळजवळ एकाच वेळी उलगडला. ज्या उंदरांत एनएलआरपी३ नव्हतं, त्यांच्या फुप्फुसात सिलिका घातल्यावर वण बराच कमी झाला.

यानंतर पेशी मरते. पण तिने गिळलेला कण मरत नाही. तो जसाच्या तसा बाहेर पडतो आणि दुसरी मॅक्रोफेज इमानेइतबारे येऊन तो गिळते. तीही मरते. मग तिसरी. मेलेल्या पेशींच्या हाकेला ओ देऊन रक्तातून मोनोसाइट नावाच्या नव्या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या मॅक्रोफेज होतात आणि त्याही त्याच रांगेत लागतात. काम सोडल्यावर १०-१५ वर्षांनी आजार वाढलेला सापडतो त्याचं कारण हेच. ‘आता तर मी धुळीत जातच नाही’ हे कामगाराचं म्हणणं खरं असतं, पण आत गेलेली धूळ अजून कामावरच असते.

इथवर झाली दाहाची गोष्ट. वण कुठून येतो, या प्रश्नाचं उत्तर १९६७ मध्ये हेपलस्टन आणि स्टाइल्स यांनी एका अतिशय साध्या प्रयोगाने दिलं, आणि या सगळ्या विषयात आम्हाला तो प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. वण विणणाऱ्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. कोलॅजेनचे तंतू तयार करणं हे त्यांचं काम. या दोघांनी मॅक्रोफेजना सिलिका खाऊ घातली आणि त्या पेशींचा अर्क फायब्रोब्लास्टना दिला. फायब्रोब्लास्ट जास्त कोलॅजेन बनवू लागल्या. म्हणजे दगडाला वण विणणाऱ्या पेशीला हात लावायचीही गरज नव्हती. मधल्या मॅक्रोफेजचा निरोप पुरेसा होता.

तो निरोप एका शब्दाचा नाही. त्यात टीएनएफ हा दाहाचा संदेश आहे. १९९० मध्ये उंदरांवर दिसलं की टीएनएफला प्रतिपिंडांनी अडवलं तर सिलिकामुळे होणारा वण जवळजवळ थांबतो. फायब्रोब्लास्टना वाढायला लावणारा पीडीजीएफ आहे. आणि सर्वांत वजनदार आहे तो टीजीएफ-बीटा. कुठेही जखम भरून काढायची असेल तर शरीर हाच संदेश पाठवतं. गुडघा फुटला तरी तोच, शस्त्रक्रियेचा छेद भरायचा तरी तोच. फरक एवढाच की गुडघ्याची जखम भरली की निरोप बंद होतो, आणि फुप्फुसात न पचणारा कण आहे तोवर तो पुन्हा पुन्हा जात राहतो.

टीजीएफ-बीटा मिळालेली फायब्रोब्लास्ट आपलं रूप पालटते. तिच्या आत स्नायूंच्या पेशींत असतात तशा आकसणाऱ्या दोऱ्या तयार होतात, आणि तिला मायोफायब्रोब्लास्ट हे नाव मिळतं. ती कोलॅजेन टाकते, तो खेचून आवळते, आणि लायसिल ऑक्सिडेज हे विकर त्या तंतूंना एकमेकांशी टाचून टाकतं. ऊती ताठ होत जातात. दुसऱ्या एका फुप्फुसतंतुतेच्या, म्हणजे फुप्फुसात वण धरत जाण्याच्या, आजारात मापलेले आकडे बोलके आहेत: निरोगी फुप्फुसाच्या ऊतींचा ताठपणा सुमारे २ किलोपास्कल, तर वण आलेल्या जागी सुमारे १६. पेशीला आपण मऊ जागी उभे आहोत की कडक, हे कळतं. कडक जागेवरची फायब्रोब्लास्ट आणखी जोराने खेचते. त्या खेचण्याने भोवतालच्या जाळीत साठवून ठेवलेला निष्क्रिय टीजीएफ-बीटा मोकळा होतो आणि तिला स्वतःलाच पुन्हा कामाला लावतो. या टप्प्यावर वण अंशतः स्वतःच्या जोरावर पुढे सरकू लागतो. धूळ हे निमित्त आता मागे पडतं.

सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकोसिसची गाठ पाहिली तर ही सगळी हकिकत एका चित्रात वाचता येते. मध्ये चकाकत्या, जवळजवळ पेशीरहित कोलॅजेनची कांद्यासारखी एकावर एक वर्तुळं. कडेला धूळ गिळलेल्या मॅक्रोफेजचा पट्टा. ध्रुवित प्रकाश टाकला की त्या पट्ट्यात बारीक स्फटिक लुकलुकतात. बाहेरच्या पट्ट्यात अजून काम चालू असतं, आत ते संपून घट्ट झालेलं असतं. गाठी सुरुवातीला काही मिलिमीटरच्या असतात आणि फुप्फुसाच्या वरच्या भागात जास्त दिसतात. एक्स-रेवर १ सेंटिमीटरहून मोठा डाग आला की आजार पुढच्या टप्प्यात गेला असं धरतात. मॅक्रोफेज धूळ घेऊन लसिकाग्रंथींकडेही (लिम्फ नोड) जातात, त्यामुळे फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी वणाने भरतात; त्यांच्या कडेला चुना साचून अंड्याच्या कवचासारखी पांढरी रेघ उमटते, ती अनुभवी डॉक्टर लांबूनही ओळखतात.

धूळ फार आणि थोड्या काळात गेली तर मात्र गाठी व्हायला वेळच मिळत नाही. वायुकोशाच्या भिंतीवरच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा द्रव बनवतात, ज्यामुळे वायुकोश मिटून जात नाहीत. सिलिकाने डिवचल्यावर त्या फुगतात, वाढतात आणि हा द्रव बेसुमार ओततात. जुना द्रव उचलण्याचं काम मॅक्रोफेजचं. त्या तर मरून पडलेल्या. वायुकोश भरत जातात आणि माणूस महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत गुदमरतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्याचं काम १९३० मध्ये सुरू झालं. खडक जवळजवळ शुद्ध सिलिकाचा होता आणि छिद्रण कोरडंच चाललं होतं. पुढे अमेरिकी काँग्रेससमोर ४७६ मृत्यूंचा आकडा आला. नंतरच्या अभ्यासाने तो ७६४ पर्यंत नेला. आपल्या काळात हाच वेग कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे कापणाऱ्यांत दिसतो. या फरशीत ९० टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदीच घातली.

दगड कोणता, याला म्हणूनच महत्त्व आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टवर उभा आहे. बेसाल्टमध्ये सिलिका भरपूर असली तरी ती इतर खनिजांत बांधलेली असते, मोकळा क्वार्ट्झ फार थोडा. त्यामुळे खडी क्रशरची बेसाल्टची धूळ आणि राजस्थानच्या वालुकाश्माची धूळ दिसायला सारखी, पण मॅक्रोफेजशी त्यांची वागणूक वेगळी. याचा अर्थ क्रशरवर निश्चिंत राहावं असा मुळीच नाही. धुळीचा त्रास तिथेही आहे. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीत साचे करायला वापरतात ती सिलिका वाळू असते, तिथे धोका थेट सिलिकोसिसचा आहे. ओतीव लोखंडाच्या उष्णतेने, ५७३ अंशांना, क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते, दाणा एकदम फुगतो आणि तडकतो. वाळू पुन्हा पुन्हा वापरली की बारीक चुरा वाढत जातो. साचा फोडताना आणि ओतकामाला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढताना तो हवेत येतो.

कण पेशीला कसा मारतो हे कळल्यावर औषध सापडायला हवं होतं. तसे प्रयत्न झाले. कॅनडातल्या ओंटारिओच्या खाणींत १९४३ ते १९७९ या काळात कामगारांना पाळीआधी बंद खोलीत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी हुंगायला लावत. क्वार्ट्झवर तिचा लेप बसेल आणि तो निष्प्रभ होईल, ही कल्पना. आजार थांबला नाही. उलट या भुकटीचा संबंध पार्किन्सन्सशी असल्याचं पुढे दिसलं आणि २०२२ मध्ये ओंटारिओ सरकारने तो व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. सिलॅनॉलला झाकणारा एक बहुवारिकही (पॉलिमर) प्राण्यांत उपयोगी दिसला, पण तोही रोजच्या उपचारात आला नाही. खारट पाण्याने फुप्फुस धुतलं तर धूळ भरलेल्या मॅक्रोफेज काही प्रमाणात बाहेर येतात, पण भिंतीत विणला गेलेला वण धुतला जात नाही. निंटेडॅनिबसारखी औषधं वाढत जाणाऱ्या फुप्फुसतंतुतेचा वेग कमी करू शकतात. झालेला वण ती मिटवत नाहीत. टीएनएफ किंवा टीजीएफ-बीटा पूर्ण बंद करावेत तर त्याच संदेशांवर संसर्गाशी लढणं आणि जखमा भरणं अवलंबून आहे.

संसर्गाचा मुद्दा आपल्या देशात सर्वांत जीवघेणा. क्षयाचा जंतू आवरून धरणारी पेशी म्हणजे हीच मॅक्रोफेज. सिलिकाने तिचं पचनच बिघडलेलं असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं दबून राहिलेला क्षय उसळतो. त्यात एक्स-रेवर दोन्ही आजार वरच्याच भागात दिसतात. थुंकीत जंतू सापडत नाहीत तरी क्षयाच्या औषधांचा कोर्स एकदा होतो, दुसऱ्यांदा होतो, आणि सिलिकोसिसचं नाव कुठल्याही कागदावर येत नाही. उलटही घडतं: सिलिकोसिस ठरल्यावर नंतर लागलेला क्षय हेरलाच जात नाही. सिलिकोसिसच्या प्रत्येक रुग्णाची सुप्त क्षयासाठी तपासणी करून उपचार द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या भारताच्या कारखाने कायद्यातल्या दुसऱ्या परिशिष्टात खोल जाणाऱ्या धुळीची मर्यादा एका सूत्राने दिली होती: १० भागिले, धुळीतल्या क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ असेल तर १० भागिले ३२, म्हणजे घनमीटर हवेत सुमारे ०.३१ मिलिग्रॅम धूळ. शुद्ध क्वार्ट्झसाठी उत्तर येतं साधारण ०.१. अमेरिकेने २०१६ मध्ये ही मर्यादा ०.०५ वर आणली. मेहनतीच्या पाळीत माणूस १० घनमीटर हवा आत घेतो असं धरलं, तर ०.१ च्या मर्यादेतही दिवसाला १ मिलिग्रॅम क्वार्ट्झ नाकातोंडाशी येतो. सगळे कण १ मायक्रॉनचे मानले तर त्यांची संख्या भरते सुमारे ७० कोटी. त्यातले बरेच उच्छ्वासाबरोबर परत जातात, पण उरतात तेही मोजायला सोपे नाहीत. ०.१ मिलिग्रॅमची धूळ डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून ‘आमच्याकडे धूळ नाही’ हे वाक्य हवेचा नमुना घेणारा पंप लावून मोजल्याशिवाय कोणी बोलू नये.

पाणी हा सर्वांत जुना आणि चांगला उपाय, पण ते करवतीचं पातं दगडाला लागतं तिथेच पडायला हवं. हवेत उडालेल्या १ मायक्रॉनच्या कणावर मागाहून फवारा मारून तो फारसा सापडत नाही. ओला गाळ वाळला की तो पुन्हा धूळच. तो ओला असतानाच उचलावा लागतो. झाडूने कोरडं झाडणं आणि पाळी संपल्यावर हवेच्या नळीने कपडे झटकणं, या दोन सवयी दिवसभराच्या काळजीवर पाणी फिरवतात. धुळीची हवा ओढून घेणाऱ्या नळीचं तोंड यंत्रापासून हातभर लांब असेल तर त्याचा आवाज येतो, उपयोग होत नाही. नाकाला बांधलेला पंचा किंवा ओढणी यांच्या विणीतली भोकं कणापेक्षा कितीतरी पटींनी मोठी असतात. एन-९५ मास्क कण अडवतो, पण दाढीवरून किंवा नाकाच्या कडेने फट राहिली की हवा तिथूनच जाते.

दम लागतो म्हणून एखादा पन्नाशीतला माणूस दवाखान्यात येतो. विचारलं तर सांगतो, सध्या भाजी विकतो किंवा सोसायटीत राखणदार आहे. पुढचा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं: २० वर्षांपूर्वी काय करत होता, कुठल्या गावी, कुठला दगड, करवत कोरडी चालायची की पाण्यावर?